शेड गोडाऊनला द्यावं की कलाकारांसाठी ठेवावं? उद्यमनगरातून एक प्रश्न

शेडवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातला, वय २९. आण्णा पॅटर्नमेकर. हे काम माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. फौंड्रीत धातूचा रस ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी पॅटर्न करतात, तो वाळूत दाबून साचा घेतात. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना मीटरमागं साधारण १० मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा धरायचा. त्यासाठी आण्णांकडं वेगळी पट्टी आहे, तिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा किंचित मोठा. लहानपणी मी ती पट्टी शाळेत नेली आणि भूमितीच्या तासाला सगळी मापं चुकली. त्या दिवशी आण्णांनी मला संध्याकाळभर शेजारी बसवून आकस म्हणजे काय ते समजावलं होतं.

पुढं पॅटर्न सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कोरीव मशीनवर, निघायला लागले आणि हाताचं काम कमी होत गेलं. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, पतसंस्थेचं कर्ज काढून जुना सीएनसी राउटर घेतला आणि शेडच्या पुढच्या भागात बसवला. आता धंदा त्याच्यावर चालतो. मागची ४० बाय २५ फुटांची बाजू, जिथं पूर्वी आण्णांची चार माणसं सागवान तासायची, ती मोकळी पडली.

खरी गोष्ट सुरू होते ऑगस्ट २०१९ मध्ये. तेव्हा राउटरही नव्हता. महापुराचं पाणी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत शिरलं आणि गणेशचतुर्थी महिन्यावरसुद्धा राहिली नव्हती. शाडूच्या मूर्तीला पाणी लागलं की तिची परत माती होते. माझ्या शाळेतल्या मित्राचा रात्री फोन आला, "भावा, जागा हाय का?" दोन टेम्पो करून, मिळेल त्या वाटेनं, ६४ मूर्ती आमच्या शेडात आणल्या. बाकीच्या वाचल्या नाहीत. आण्णा म्हणाले, "राहू द्यात, जागा रिकामीच आहे." आईनं समई आणून ठेवली आणि म्हणाली, "देव स्वतःच्या पायानं दारात आलाय. आता ही जागा रिकामी म्हणू नका."

पुढचे वीस-बावीस दिवस ती पोरं रात्री तिथं रंगकाम करत होती. डोळ्यांची आखणी मी तेव्हा पहिल्यांदा जवळून पाहिली. आखणी करणारा श्वास रोखतो आणि शेजारचेही आपोआप रोखतात. मशीनच्या आवाजात वाढलेल्या माणसाला ती शांतता नवीन होती. अनंत चतुर्दशी झाल्यावर मित्र परत आला आणि चाचरत म्हणाला, "मूर्तींचं नाही, माझं स्वतःचं काम आहे थोडं. घरी ठेवायला जागा नाही." मार्केट यार्डातल्या हमालांचे चेहरे तो मातीत करत होता. ते कुणी विकत घेणार नव्हतं, कुणी मागितलेही नव्हते. तो आला, मग त्याच्या ओळखीनं चित्रकलेची दोन मुलं आली, मग एक तबलावाला आला, कारण त्याच्या चाळीत रात्री नऊनंतर वाजवू देत नव्हते. कोणताही फलक न लावता पाच वर्षं असंच चालू राहिलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, त्यानंतर नाटकाचे दोन हौशी ग्रुपही तालमीला आले.

आता श्रद्धेबद्दल. माझ्या या सगळ्याचं मूळ तिथंच आहे, म्हणून ते वगळून लिहिता येणार नाही. आई मला लहानपणापासून किरणोत्सवाला नेते. ९, १० आणि ११ नोव्हेंबर, नंतर ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येतं, गरुड मंडप ओलांडतं आणि अंबाबाईच्या गाभाऱ्यात शिरतं. पहिल्या दिवशी चरणांशी, मग मध्यापर्यंत, मग मुखावर. ढग आले, हवेत धूर-दमटपणा असला किंवा वाटेत एखाद्या इमारतीचा कठडा आला की किरण मधेच विरतात. एका वर्षी ते कमरेपर्यंत येऊन थांबले. आजूबाजूची माणसं हळहळत होती. आईनं हात जोडले आणि घरी येताना म्हणाली, "ऊन आणणं आपल्या हातात नाही रे. त्याच्या वाटेत उभं राहायचं नाही, एवढंच आपल्याकडं."

मी तेच काम करतोय असं मला मनापासून वाटतं. मला चित्र काढता येत नाही, ताल धरता येत नाही. कुणाच्या हातात काय उतरणार हे माझ्या हाती नाही. पण त्या माणसाच्या आणि त्याच्या कामाच्या मधे जे उभं असतं, म्हणजे शेजाऱ्याचं ओरडणं, घरातली एकच खोली, 'ह्याचा उपयोग काय' हा प्रश्न, ते मला बाजूला सारता येतं. देवीनं मला हे शेड दिलं ते त्यासाठीच, अशी माझी धारणा आहे. यात कुणाला वेडेपणा दिसला तरी चालेल.

आता प्रश्न. एका व्यापाऱ्यानं मागच्या बाजूचे महिना ३५ हजार देऊ केलेत, गोडाऊनसाठी. राउटरचा हप्ता २२ हजार आहे. कलाकारांकडून मी आजवर ठराविक पैसे घेतले नाहीत, डबा ठेवलाय, ज्याला जमेल तो टाकतो. गेल्या महिन्यात डब्यात २,३४० निघाले, वीजबिलसुद्धा भागलं नाही. आण्णा काहीच बोलत नाहीत, पण त्यांचा गुडघा दुखतो आणि ऑपरेशन मी पुढं ढकलतोय हे मला टोचतं. दसऱ्यापर्यंत व्यापाऱ्याला उत्तर द्यायचंय. मंडळी, तुम्ही काय केलं असतं?

---

मुळची_करवीरची_आता_पुण्यात

वाचताना भरून आलं. मी बी.कॉम. करत असताना शिवाजी पेठेत खोली घेऊन राहायचे आणि सतारीवर टॉवेल टाकून रियाज करायचे. पुढं तो टॉवेल हाताच्या सवयीत बसला, आजही मोकळं वाजवायला गेले की हात आखडतो. एका शेडानं कुणाचा तरी हात आखडायचा वाचत असेल तर ते ३५ हजारांपेक्षा मोठं आहे. पण हप्ता माझा नाही, म्हणून सल्ला देत नाही.

---

शिवाजीपेठकर

पोरा, तुझा धागा दोनदा वाचला. माझं वय ७१, म्हणून थोडं जुनं सांगतो.

आपल्याकडं कुणीही कलेबद्दल बोलायला लागलं की 'शाहू महाराज होते तेव्हा राजाश्रय होता, आता कोण विचारतंय' असं म्हणून विषय संपवतात. महाराजांचे उपकार आहेतच. पॅलेस थिएटर, म्हणजे तेच केशवराव भोसले नाट्यगृह, १९१५ मध्ये उभं राहिलं, शेजारी खासबागेचं कुस्ती मैदान, गायक अल्लादिया खाँसाहेब दरबारात. पण सगळं दरबारातून झालं असं समजू नये. देवल क्लब १८८३ चा, तो गाण्याच्या वेडानं एकत्र आलेल्या माणसांनी उभा केला. आणि बाबूराव पेंटर! घरचं आडनाव मेस्त्री. लाकूड, रंग, यंत्र, सगळ्यात हात असलेलं घर. बाबूराव आणि त्यांचे भाऊ आनंदराव सिनेमाच्या कॅमेऱ्याच्या मागं लागले. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून कॅमेरा इथंच, कोल्हापुरात, बनवला. आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीला पैसा कुणी दिला? गायिका तानीबाई कागलकरांनी. एका गाणाऱ्या बाईच्या कमाईवर एका मेस्त्रीच्या पोराची कंपनी उभी राहिली आणि १९२० मध्ये तिचा पहिला चित्रपट लोकांनी पाहिला. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर हे सगळे त्याच कंपनीत घडले आणि १९२९ मध्ये त्यांनी इथंच प्रभात फिल्म कंपनी काढली.

माझ्या मते या शहरात कला टिकली ती कारखाना आणि कला यांच्या मधे भिंत नव्हती म्हणून. तू पुढं राउटर चालवतोस आणि मागं तबला वाजतो, ही कोल्हापूरची जुनी रीत आहे. तू काही विचित्र करत नाहीस, एवढं लक्षात ठेव.

पैशाचं मला कळत नाही. आण्णांचा गुडघा मात्र पुढं ढकलू नकोस.

---

करवीरकन्या

दादा, तुमच्या भावनेबद्दल पूर्ण आदर ठेवून एक विचारते. तुमच्या लिखाणात मित्र आहे, पोरं आहेत, तबलावाला आहे. मुली किती येतात?

मी चित्रकलेचा डिप्लोमा केलाय. आबालाल रहिमान रंकाळ्याच्या, कोटितीर्थाच्या काठावर बसून निसर्गचित्रं काढत, हे आम्हाला वर्गात कौतुकानं सांगायचे. मी रंकाळ्यावर बोर्ड लावून बसले की दहा मिनिटांत मागं पाच माणसं उभी राहतात, त्यातला एक तरी नंबर मागतो. घरी चित्र काढते तर कुकर, पाहुणे, 'जरा इकडं ये गं' चालूच. माझ्यासारख्या मुलीला जागा हवी म्हणजे नेमकं काय हवं ते लिहिते. कडी लागणारं, पाणी असलेलं संडास-बाथरूम. गल्लीच्या तोंडापासून शेडाच्या दारापर्यंत दिवा. कोण आत आहे, किती वाजेपर्यंत आहे हे घरी सांगता येईल अशी वही. आणि निदान एक वेळ अशी, जेव्हा आणखी दोन-तीन बायका तिथं नक्की असतील.

हे नसेल तर तुमचं दार उघडं असूनही आमच्यासाठी बंदच आहे. तुमच्या आईंचं वाक्य फार आवडलं, म्हणूनच सांगते. आमच्या वाटेत काय उभं आहे तेही बघा.

---

शेडवाला

ताई, उत्तर द्यायला दोन दिवस लागले कारण उत्तर लाजिरवाणं आहे. पाच वर्षांत नियमित येणारी मुलगी एकच, नाटकाच्या ग्रुपमधली, आणि तिला न्यायला रोज तिचा भाऊ येतो. संडास आहे, पण मागच्या बोळात, दाराला साखळी. आम्हा पुरुषांना कधी खटकलं नाही. तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "मी तिथं समई लावायला जायची तेव्हा कधी पाच मिनिटांच्या वर थांबले का? मला तरी कुठं सुचलं सांगायचं." काल इलेक्ट्रिशियन येऊन बोळात आणि दारावर एलईडी लावून गेला. संडासाचं काम मोठं आहे, त्याचा हिशेब काढतोय.

@शिवाजीपेठकर काका, मेस्त्रींची गोष्ट आण्णांना वाचून दाखवली. आनंदराव-बाबूराव त्यांना ठाऊक होते, तानीबाईंचं नव्हतं. बराच वेळ गप्प बसले आणि मग विचारलं, "लेन्स कुठनं आणली असंल?" गुडघ्याची तारीख घेतलीय.

---

कोरा_कागद

मी नास्तिक आहे, आणि विचारतोय ते भांडायला नाही. जागा कलाकारांची म्हणता आणि तिथं देव्हारा, समई. उद्या कुणी देवाधर्मावर टीका करणारं नाटक बसवलं तर? कुणी देवीचं असं चित्र काढलं जे तुमच्या आईला बघवणार नाही, तर? श्रद्धेवर उभी राहिलेली जागा श्रद्धेला प्रश्न विचारणाऱ्याला किती दिवस सांभाळते? माझा अनुभव असा की सुरुवातीला सगळे उदार असतात. एका ठिकाणी आमच्या एकांकिकेतलं एक वाक्य ऐकून मालकानं दुसऱ्या दिवशी किल्ली परत मागितली होती, स्पर्धेला नऊ दिवस राहिले असताना.

---

तीनताल

तो तबलावाला मीच. शेडवाल्याला न विचारता लिहितोय.

माझं नाव सलीम किंवा समीर काहीही असू दे, घर मुसलमानाचं. पहिल्या दिवशी समई बघून मी दारातच थांबलो होतो. काकू आतून म्हणाल्या, "चपला बाहेर काढ बाळ, आणि वाजव." बस्स. पाच वर्षांत मला कुणी नमस्कार कर म्हणालं नाही, करू नको असंही म्हणालं नाही. अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव भुर्जीखाँ अंबाबाईच्या देवळात गायचे, हे माझ्या उस्तादांनी मला पहिल्या महिन्यात सांगितलं होतं. बाबूजमाल दर्ग्याच्या चौकटीवर गणपती आहे आणि मोहरमात पंजे बसतात तेव्हा आमच्या गल्लीत निम्मी माणसं हिंदू असतात. त्यामुळं समई मला परकी वाटली नाही.

मला खरा त्रास दुसऱ्या जागांचा झाला. तिथं देव नव्हता, पण फॉर्म होता. 'तुमच्या कलेचं सामाजिक योगदान १०० शब्दांत लिहा.' अरे, माझा अजून रेला, म्हणजे तबल्यावरचे वेगातले बोल, साफ येत नाही, योगदान काय लिहू? शेडात मला कुणी काही विचारलं नाही. चुकीचं वाजवलं, तेही रोज वाजवलं. दोन वर्षं मी वाईट वाजवत होतो आणि कुणी बोलून दाखवलं नाही. वाईट वाजवायला जागा मिळणं किती अवघड आहे ते वाजवणाऱ्यालाच कळेल.

कोरा_कागद, तुमचा प्रश्न मात्र बरोबर आहे. उत्तर त्यानंच द्यावं.

---

हिशेबनीस

भावनेचं सगळं झालंय, आता कागद. मी लेखापरीक्षणाचं काम करतो.

पहिलं वीज. शेडाचा मीटर औद्योगिक असणार. त्याच मीटरवर मागं तालमी, वर्ग, कार्यक्रम चालले तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर धरला जाऊ शकतो आणि दुप्पट दरानं आकारणी होते. मागच्या बाजूला वेगळा मीटर घ्या. आजच अर्ज करा.

दुसरं, डबा बंद करा असं म्हणत नाही, पण डब्यावर घर चालत नाही. नाटकाच्या ग्रुपला हॉलचं भाडं द्यायची सवय असते, त्यांच्याकडून तासाचे पैसे घ्या. स्पर्धेच्या आधीचे दीड-दोन महिने शेड रोज रात्री भरलेलं असणार. त्यांच्या पैशातून एकट्यानं काम करणाऱ्याची जागा निघते. लग्नाच्या फोटोचं, जाहिरातीचं शूटिंग दिवसाला द्या. ज्याच्या कामातून आज पैसा येतो त्यानं भरायचं, ज्याच्या कामातून अजून येत नाही त्यानं भरायचं नाही. हे सरळ लिहून दारावर लावा. तोंडी ठेवलं की ज्याला लाज वाटते तो भरतो आणि ज्याला वाटत नाही तो फुकट बसतो.

तिसरं, ट्रस्टची घाई नको. सोसायटी करायची तर सात माणसं लागतात, १८६० च्या कायद्याखाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली नोंदणी, मग दरवर्षी हिशेब धर्मादाय आयुक्तांकडं. एकदा ट्रस्टचं झालं की ते तुमचं राहत नाही, हे समजून करा. आधी दोन वर्षं वेगळं बँक खातं आणि वेगळी वही. राउटरच्या पैशात हे मिसळू नका. श्रद्धेनं सुरू केलेली कामं वही नसल्यामुळं बुडालेली मी खूप पाहिलीत, आणि तेव्हा माणसाचा देवावरचाही विश्वास उडतो. तो उडू नये म्हणून सांगतोय.

---

निळा_शाडू

मी हमालांचे चेहरे करणारा. इथं खातं काढलं ते फक्त हे लिहायला.

२०१९ ला आमच्या घरात छातीभर पाणी होतं. वडिलांनी वर्षाची सगळी कमाई मूर्तीत घातलेली. ६४ वाचल्या, त्या विकून पुढच्या वर्षाची माती घेतली. हे सगळ्यांना माहीत आहे. हे माहीत नाही की त्याच्या पुढच्या महिन्यात मी माती सोडून दुकानात कामाला लागणार होतो. ठरलं होतं. शेडात चेहरा करायला बसलो तेव्हा आण्णा मागं येऊन उभे राहिले. मला वाटलं आता विचारणार, कुणाची ऑर्डर. त्यांनी कानाच्या पाळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथं उतार दे थोडा, नाहीतर साचा निघताना तुटंल." पॅटर्नला वाळूतून सुटायला उतार देतात तसा. एवढंच बोलून ते गेले. म्हणजे त्यांनी ते काम म्हणूनच बघितलं होतं. दुकानात गेलो नाही.

मी महिना हजार देऊ शकतो आता. आधी लाजेनं बोललो नाही.

---

शेडवाला

कोरा_कागद, तुमच्या प्रश्नावर आठवडाभर विचार केला. गुळगुळीत उत्तर देऊन उपयोग नाही, म्हणून गेल्या खंडेनवमीला काय झालं ते सांगतो.

त्या दिवशी आमच्याकडं मशीन चालत नाही. सगळी हत्यारं धुऊन, तेल लावून, हळदकुंकू वाहून मांडतात. आण्णांचे पटाशी, रंधा, ती मोठ्या इंचाची पट्टी, आता राउटरचे कटरही. आईनं मागच्या बाजूला निरोप दिला, ज्याला आपलं हत्यार पूजेला ठेवायचं त्यानं ठेवावं. ब्रश आले, कोरण्या आल्या, तबल्याची हातोडी आली. नाटकवाल्या एका मुलानं सांगितलं, मी मानत नाही, ठेवणार नाही. तो माझ्यावर थोडा तणतणलाही. मला राग आला होता, खोटं का सांगू. आई म्हणाली, "त्याचं हत्यार त्याचा आवाज आहे, तो कसा ठेवेल पाटावर?" आणि त्याला पहिला पेढा दिला. तो आजही येतो, आजही मानत नाही.

म्हणजे माझ्या आईला प्रश्नच पडला नव्हता, मला पडला होता. माझी श्रद्धा तिच्याएवढी पक्की नाही म्हणून मला राग येतो, असं मला त्या दिवशी कळलं. तुमच्याकडून ज्यानं किल्ली परत घेतली त्याला मी हसणार नाही, कारण मीही त्या जागेच्या जवळपास उभा होतो. पण किल्ली माझ्या एकट्याच्या रागावर राहू नये असं आता ठरवलंय. किल्ल्या तीन करतोय. एक माझ्याकडं, एक निळा_शाडूकडं, एक नाटकाच्या ग्रुपकडं. दिलेली तारीख मी एकटा रद्द करू शकणार नाही, असं कागदावर लिहून सही करतो. काय दाखवायचं, काय बोलायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

देव्हारा हलवून पुढं राउटरच्या बाजूला घेतोय. तिथं मी काम करतो, तिथं तो माझा आहे. आईला विचारलं. ती म्हणाली, देवीला कुठूनही दिसतं.

---

करवीरकन्या

आणि संडास?

---

शेडवाला

सांगतो ताई, सगळंच सांगतो.

व्यापाऱ्याला परवा नाही म्हणून आलो. ते चांगले माणूस आहेत, चहा पाजला आणि विचार बदलला तर कळव म्हणाले. घरी येऊन जेवताना आण्णांना सांगितलं. मी हिशेब लिहून नेला होता. दोन नाटकवाले ग्रुप, महिन्याला चार दिवस शूटिंग, मित्राचे हजार, आणखी तिघांचे पाचशे-पाचशे. कागदावर १९ हजार येत होते. आण्णांनी कागद हातात घेतला आणि म्हणाले, "आकस धरलीस का?" नव्हती धरली. कागदावरचा पैसा हातात येईपर्यंत आकसतो, आणि बिडापेक्षा जास्त आकसतो, असं त्यांचं म्हणणं. मग आम्ही दोघांनी बसून प्रत्येक आकडा कमी केला आणि ११ हजारांवर आलो. उरलेल्यासाठी मी राउटरवर रात्रीची एक पाळी वाढवतोय, आठवड्यातून तीन दिवस, ज्या दिवशी मागं तालीम नसेल तेव्हा. जमेल. अंबाबाईवर माझा भरवसा आहे आणि हिशेबनीसदादांच्या वहीवरही.

नवीन मीटरचा अर्ज दिला. खातं उघडलं.

संडास आतल्या बाजूनं घेतोय, दार शेडात उघडेल, कडी आतून, पाण्याची टाकी वर. काम सुरू झालंय, फरश्या आल्यात. मंगळवार आणि शुक्रवार दुपारी २ ते ६ ही वेळ फक्त मुली-बायकांसाठी ठेवतोय, त्या वेळात आई तिथं बसेल. ती म्हणते, मलाही काहीतरी शिकवा, नुसतं बसायला लाज वाटते. तुम्ही याल का ताई? निदान जागा बघून काय कमी आहे ते सांगायला.

चित्रकलेच्या मुलांनी आणखी एक मागणी केली होती. उत्तरेच्या भिंतीत मोठी खिडकी. उत्तरेला थेट ऊन फारसं येत नाही, उजेड दिवसभर बराचसा सारखा राहतो, सावल्या फारशा पळत नाहीत. त्या भिंतीला आण्णांची जुनी पॅटर्नची मांडणी होती, तीस वर्षांची. ती हलवा असं सांगायचं धाडस मला झालं नव्हतं. काल सकाळी बघतो तर त्यांनी स्वतःच निम्मे पॅटर्न खाली उतरवून भिंतीवर खडूनं चौकोन आखला होता. पाच फूट बाय चार. गुडघा तसाच दुखत होता, शिडीवर चढलेले. मी ओरडलो त्यांच्यावर.

गवंडी सोमवारी सकाळी ८ ला येतोय. भिंत फोडल्यावर विटा-राडा उचलायला चार-पाच हात लागतील. जुने पॅटर्न जपून बाजूला लावायचे आहेत, ते फेकायचे नाहीत.

---

तीनताल

साडेसातला येतो. भावाला पण आणतो.

---

करवीरकन्या

सोमवारी नाही जमणार, मंगळवारी दोन वाजता येते. सोबत मैत्रीण असेल, ती लाकडावर कोरीवकाम करते. आण्णांना भेटायचंय तिला.

---

कोरा_कागद

विटा उचलायला मी येतो. पत्ता व्यक्तिगत निरोपातून पाठवा.